पाळण्यापासून ताबुतापर्यंत

न्यूयॉर्क किंवा न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलेल्या सिसिलियन घरांतल्या नातवंडांना आजीच्या तोंडचे चार-दोन शब्द हमखास आठवतात. मोठेपणी ती इटालियन शिकायला जातात, तेव्हा त्यांतले बरेच शब्द पुस्तकात सापडत नाहीत. मग वाटतं, आजी शिकलेली नव्हती, मोडकंतोडकं इटालियन बोलायची. हा आजीवर अन्याय आहे. सिसिलियन म्हणजे बिघडलेली इटालियन नव्हे. दोन्ही भाषा लॅटिनमधूनच निघाल्या, पण आपापल्या वाटेने. दुसऱ्या फ्रेडरिक सम्राटाच्या दरबारातले कवी सिसिलियनमध्ये प्रेमकविता रचत होते, तेव्हा इटालियनचा महाकवी दान्ते जन्मलाही नव्हता.

आजीच्या त्या शब्दांची कुळं शोधू लागलं की सिसिली बेटाचा सगळा इतिहास घरातच सापडतो. तान्ह्या बाळाची ‘नाका’ घ्या. आईवडिलांच्या पलंगावर दोरांनी टांगलेली ही झोळी. आईने पडल्यापडल्या दोरी ओढायची आणि बाळाला झोका द्यायचा. ग्रीकमध्ये ‘नाके’ म्हणजे मेंढीचं लोकरीसकट कातडं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ग्रीकांनी पूर्व किनाऱ्यावर नाक्सोस आणि सिराक्यूज वसवलं. त्यांची राज्यं गेली, देवळांचे खांब पडले, पण बाळाला निजवण्याचा शब्द राहिला. झोका देण्याचं क्रियापदही, ‘आन्नाकारी’, त्यातूनच झालं.

घराबाहेर पडून लिंबा-संत्र्यांच्या बागेत गेलं की अरबी सुरू होते. 827 मध्ये अरब सैन्य माझारा इथे उतरलं, 831 मध्ये पालेर्मो पडलं. त्यांच्यामागून लिंबू, कडू संत्री, ऊस आला, आणि कोरड्या उन्हाळ्यात बागा जगवण्याची विद्याही. पाणी साठवायचा दगडी हौद तो ‘जेब्बिया’, त्यातून निघणारा पाट ती ‘साया’, रहाट ती ‘सेनिया’ आणि या पाण्यावर जगणाऱ्या संत्र्याच्या झाडाचं फूल ती ‘झागारा’. सगळे शब्द अरबी. आपला ‘हौद’ही मुळात अरबीच, फक्त तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. ज्याला पाणी वळवता येतं त्याचे शब्द शेतकरी उचलतो. तो कोणत्या धर्माचा, कोणत्या राजाचा, हे विचारत बसत नाही. 1091 पर्यंत नॉर्मनांनी सगळं बेट घेतलं, पण जेब्बियाला दुसरं नाव द्यायची गरज कुणालाच पडली नाही.

स्वयंपाकघरातही हेच. तीळ म्हणजे ‘जुज्जुलेना’, अरबी ‘जुलजुलान’वरून. तीळ, बदाम आणि मध आटवून नाताळात थापतात ती ‘कुब्बाइता’. आपल्या तिळाच्या चिक्कीची जवळची नातेवाईकच. कुणाची दया आली की तोंडून निघतं ‘मिस्किनू!’ फारसीमार्गे मराठीत आलेला ‘मिस्कीन’ तो हाच.

नॉर्मनांची फ्रेंच बाजारातून शिरलेली दिसते. विकत घेणं म्हणजे ‘आक्कात्तारी’, शिंपी ‘कुस्तुरेरी’, द्राक्षं ‘राचिना’. 1282 च्या उठावानंतर आरागॉनचे राजे आले आणि त्यांच्या कातालान भाषेतून खिशातला रुमाल आला: ‘मुक्कातुरी’. शेवटी माणूस गेला की शवपेटी लागते, ती ‘ताब्बुतू’. मोहरमच्या मिरवणुकीतला ताबूत ज्या अरबी शब्दावरून आला, त्याच शब्दावरून हीसुद्धा.

1861 मध्ये इटलीचं एक राज्य झालं. शाळेत इटालियन आली, सिसिलियन घरात उरली, आणि ती बोलण्याची लाज मुलांना शिकवली गेली. या लाजेला मला सापडलेलं सर्वांत सुंदर उत्तर लेखक आंद्रेया कामिल्लेरींच्या घरातलं आहे. आजारी वडिलांच्या उशाशी बसून ते आपल्या पहिल्या कादंबरीची गोष्ट सांगत होते, घरात बोलतात तशी, अर्धी इटालियन, अर्धी सिसिलियन. मला सांगितलीस तशीच लिही, असं वडील म्हणाले. कामिल्लेरींनी तशीच लिहिली. पुढे इन्स्पेक्टर मोन्ताल्बानोच्या कादंबऱ्यांमुळे ही घरगुती बोली मिलान-तूरीनच्या वाचकांपर्यंत गेली.

पण बेटावरची शब्दांची ये-जा अरब, नॉर्मन आणि कातालान यांच्यापाशी थांबली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाखो सिसिलियन अमेरिकेला गेले. परसात त्यांनी ‘कुकुत्सा’ लावला, म्हणजे आपला लांब दुधीच. त्याच्या कोवळ्या पानांचीही, ‘तेनेरुमीं’ची, ते भाजी करतात. तिकडे घरामागच्या संडासाला इंग्रजीत ‘बॅकहाउस’ म्हणत. त्याचा झाला ‘बाक्काउसू’. काही जण चार पैसे गाठीला बांधून गावी परतले, तेव्हा हा शब्दही त्यांच्यासोबत आला आणि सिसिलीतल्या घरांमध्ये सरसकट चालू लागला.