पोटगी कोणाची?

ठाकूरद्वारच्या नाक्याभोवती ज्या चाळी उभ्या राहिल्या, त्यांत कोकणातून आलेल्या चाकरमान्यांचा भरणा मोठा होता. पुरुष मुंबईस, बायकामुले गावी, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे दरमहाची मनीऑर्डर, असे संसार कित्येकांनी वर्षानुवर्षे केले. ही मनीऑर्डर आटली, नवराबायको कायमची दुरावली, तर लेकरांच्या अन्नाची तरतूद कोणी करावयाची? आपल्या कायद्याने ह्याचे काय उत्तर दिले, ते पाहण्याजोगे आहे.

१८९८ च्या फौजदारी संहितेतील ४८८ वे कलम सांगे की, ऐपत असूनही जो बाप मुलाला पोसत नाही, त्याच्यावर मॅजिस्ट्रेटने पोटगीचा हुकूम करावा. मग मूल औरस असो वा अनौरस. टाकलेली माणसे उपाशी पडू नयेत, एवढाच हेतू. म्हणून रक्कमही बेताची. दरमहा फार तर ५० रुपये. १९२३ साली ही मर्यादा १०० झाली, १९५५ साली ५००.

ह्या कलमात एक मर्म होते. बायको सबळ कारणावाचून नांदावयास येत नसेल, तर तिची पोटगी बुडे. मुलाची मात्र बुडत नसे. भांडणात दोष कोणाचा, ह्याच्याशी मुलाच्या घासाचा संबंध नाही, हे कायद्याने तेव्हाच मानले होते.

परंतु मानणे निराळे आणि पदरात पडणे निराळे. अर्ज करावयाचा तो नवरा असेल तेथे, किंवा उभयता शेवटी एकत्र राहिली असतील तेथे. मुंबईचे बिऱ्हाड सोडून मुलासह रत्नागिरीकडे माहेरी गेलेल्या बाईने पुन्हा मुंबईचेच कोर्ट गाठावयाचे! येण्याजाण्याच्या खर्चापुढे ती पोटगी कितीशी पुरणार? १ एप्रिल १९७४ रोजी नवी संहिता अमलात आली आणि पत्नी राहते त्या ठिकाणीही अर्ज चालू लागला. पुढे १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी निर्वाळा दिला की, ५०० ची मर्यादा सर्वांना मिळून नव्हे, तर प्रत्येक अर्जदारास वेगळी. महाराष्ट्राने १९९९ साली ती १५०० वर नेली आणि २००१ साली देशभर मर्यादाच उठली.

मर्यादा गेली, पण मिळकत लपविण्याची खोड गेली नाही. मुंबईचे कुटुंब न्यायालय १९८९ साली सुरू झाले; तेथे समुपदेशक आधी समेटाचा यत्न करतात. नागपुरात सुरू झालेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले की, दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. पोटगी थकविणाऱ्यास कैद होऊ शकते. पण कैद भोगल्याने देणे फिटत नाही, हेही १९८८ सालीच ठरले आहे. शिवाय १९५६ च्या हिंदू कायद्याने हा भार एकट्या बापावर ठेवलेला नाही. कमावत्या आईचाही त्यात वाटा आहे.

तरीही कोर्टाच्या ओसरीवर दोन वाक्ये नेहमी कानी पडतात. बाप म्हणतो, ‘मुलाला भेटू देत नाही, मग पैसे का देऊ?’ आई म्हणते, ‘पैसे देत नाही, मग भेटू का देऊ?’ दोघांनीही मूल गहाण टाकलेले असते. भेट हा एक प्रश्न आहे, भाकरी हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत मुलाला थांबवून ठेवता येईल. त्याच्या भुकेला कसे थांबविणार?