पाचवीच्या रात्री

चपला दाराबाहेर काढा आणि वाकून आत या, चौकट ठेंगणी आहे. मोबाइल चाचपू नका. इथे त्याचा उपयोग फक्त विजेरीइतका, आणि ती पेटवलीत तर घरातली माणसं दचकतील. साल १९९७, जानेवारी महिना. गडचिरोली जिल्ह्यातलं एक गाव. नाव कळून तुम्हाला काही फरक पडणार नाही. धान कापून झालं आहे, अंगणात तणसाचा ढीग आहे, आणि थंडी कवेलूंच्या फटींतून सरळ खाली उतरते आहे.

डोळे सरावायला जरा वेळ द्या. बाजेवर बाळंतीण, बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, त्यात ओव्याची धुरी. धूर घशात जातो आणि तुम्ही खोकला दाबता. बाळंतिणीच्या कुशीत जुन्या लुगड्याचं बोचकं आहे. त्यात बाळ आहे हे सांगावं लागतं, कारण आवाज नाही. उशाशी पाटावर हळदकुंकू, शेजारी कोरा कागद नि लेखणी. आज पाचवी. रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. ती आली नि लेखणीच नाही, असं व्हायला नको म्हणून ही तयारी.

तुम्ही सटवाईच्या आधी पोचला आहात. भिंतीला टेकून बसा. काही करता येणार नाही, बोलताही येणार नाही. तुमच्या डोक्यात आत्ता ‘एनआयसीयू’, ‘इन्क्युबेटर’, ‘ॲम्ब्युलन्स’ असे शब्द धावाधाव करत असतील. करू द्या. या घरापासून ते सगळे फार लांब आहेत.

दारात कंदील दिसतो. त्यामागची बाई याच गावची सून, तिशीतली, सातवी शिकलेली. पावसाळ्यात ती इतरांसारखीच रोवणीला जाते. गाव तिला आरोग्यदूत म्हणतं. पाचव्या दिवसाची भेट ठरलेली असते, त्यामुळे ती आज सकाळीच येऊन गेली होती. आता रात्री तिला पुन्हा बोलावणं गेलं.

“कवापासून पीत नाही?” ती सासूला विचारते.

“दुपारपासून, बाई. आई तोंडात देते, पन ओढतच नाही जी.”

“अन् रडनं?”

“मांजराच्या पिलावानी.”

बाळाला तिने अजून हात लावलेला नाही. पिशवीतून साबण काढते, तांब्या मागते, कोपरापर्यंत हात धुते आणि ओले हात वर धरून तशीच बसते. पदराला पुसत नाही. आपल्या शहरातल्या किती दवाखान्यांत असं बघितलं, ते तुम्ही आठवून पाहा. मी आठवून पाहिलं आणि पुढे काही बोललो नाही.

मग थर्मामीटर काखेत. अंग गार लागतं, आणि पारा तेच सांगतो. मग झोळीत घालून काट्यावर वजन. काट्यावर रंग आहेत, त्यामुळे आकड्याआधी रंगच बोलतो. दोन किलोही भरत नाही. सासू तोंड फिरवते. पोटुशी असताना सुनेला पोटभर जेवू दिलं नव्हतं, लेकरू मोठं झालं तर जचकी अडेल म्हणून. यात दुष्टावा नव्हता. तिच्या सासूने तिलाही असंच जपलं होतं.

आता श्वास. तिच्या मनगटावर आकडे दाखवणारं घड्याळ आहे, ते ती कंदिलाशी धरते. तुम्हीही मोजा. छातीकडे नको, पोटाकडे बघा; नवजात बाळाचा श्वास पोटावर दिसतो. एक, दोन, तीन… मध्येच पोट थांबतं. तुमच्या काळजाचा ठोका चुकतो. मग ते चार वेळा भराभर उचलतं आणि पुन्हा संथ होतं. मिनिट संपलं. किती झाले? ५८? तिचे ६६ झाले.

तुमचं चुकलं कुठे ते सांगतो. बाळ थांबलं तेव्हा तुम्ही घाबरून त्याच्या तोंडाकडे पाहिलंत, आणि तेवढ्यात ते भराभर श्वास निसटले. बाळं अशीच श्वास घेतात, थांबून, मग घाईने. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नसतं. पूर्ण मिनिट मोजायचं, आणि साठच्या वर भरले तर परत एकदा मोजायचं. ती परत मोजते. ६७. तुम्ही पदवीधर असाल, पण या खोलीत तुमच्या ५८ वर विसंबून कुणी बाळ सोपवू नये.

हे मोजणं तिच्या हाती आलं कसं, ते बघायला जरा मागे जाऊ. १९९० च्या आसपास. याच जिल्ह्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली आणि गावोगावी कोणती लेकरं कशाने जातात ते लिहून काढायला सुरुवात केली. न्यूमोनिया त्यात फार वर होता. गावात त्याला डबा म्हणत, पोटावर डाग देत. डबा ओळखायचा तर श्वास मोजायला हवेत. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ, त्याहून मोठ्याचे पन्नास, त्याच्या वर गेले की औषध. पण गावातल्या सुईणीला पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते आणि घड्याळ कळत नव्हतं.

इथे बहुतेक लोकांनी म्हटलं असतं, की मग हे काम तिचं नाही. बंगांनी उपकरण बदललं. लाकडी पाटीवर एक मिनिटाची वाळूची घडी, शेजारी मण्यांच्या दोन ओळी, लहान बाळासाठी एक आणि मोठ्यासाठी एक. घडी उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. एका म्हातारीच्या हातात ती पाटी बघा: ओठ हलताहेत, बोट मण्यावर आहे, नजर पोटावरून हलत नाही. हातांना यंत्र शिकवण्याऐवजी यंत्राला हात शिकवले, एवढाच फरक. वैद्यकीय शिक्षणात मात्र तो अजून क्वचितच शिकवला जातो, असं माझं मत आहे.

तिथून १९९५. ‘सर्च’च्या आवारात, शोधग्रामच्या वर्गात भिंतीला पाठ लावून बायका बसल्या आहेत, कुणी पाचवी शिकलेली, कुणी दहावी. नवऱ्याने पाठवलेल्या, सासऱ्याशी भांडून आलेल्या, अंगावरचं मूल घेऊन आलेल्या. मधोमध रबरी बाहुली. न रडणाऱ्या बाळाच्या नाकातोंडातला चिकटा कसा ओढायचा, मान कशी ठेवायची, फुंकर किती द्यायची. एकीचा हात थरथरतो, बाकीच्या हसतात, मग तिचीच पाळी परत येते. थोडं शिकायचं, गावात जाऊन करायचं, परत यायचं, अडलेलं विचारायचं. पहिल्या वर्षी भर होता तो बघण्यावर आणि लिहिण्यावर. ७६३ नवजात बाळांच्या नोंदी त्यातून झाल्या. ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. मिळाली ती २.६ टक्क्यांना.

या दोन आकड्यांमध्ये जी मोकळी जागा आहे ना, त्या जागेत ही बाई कंदील घेऊन आली आहे.

आणि तिची वही. मला विचाराल तर या सगळ्यातली खरी वस्तू तीच. दर पंधरवड्याला एक डॉक्टर गावात येतो. तो रोग्याला औषध देत नाही. वही घेऊन बसतो, नोंद खरी आहे का ते घरी जाऊन पडताळतो, चूक दाखवतो, शिकवतो आणि जातो. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे दोन दिवस, चहा-नाश्ता, प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. पुढे तो माणूस काय करतो हे बघायला कुणी फिरकत नाही, फिरकलं तर दोष शोधायला. इथे दर पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन विचारतं, की हे ६६ तू पूर्ण मिनिट मोजलेस का?

चला, परत त्या खोलीत. वाट तीच, थंडी वाढली आहे.

वहीत दोन पानं समोरासमोर आहेत. सकाळी: रडणं नीट, ओढणं नीट. रात्री: रडणं क्षीण, ओढणं बंद, अंग गार, श्वास जलद. नेमून दिलेल्या खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या तर रक्तात जंतू पसरल्याचं समजायचं. आधी चांगलं होतं आणि आता नाही, हे महत्त्वाचं. सकाळचं पान नसतं तर रात्रीच्या पानाला अर्थ नव्हता.

ती बापाकडे वळते. “दवाखान्यात न्या जी. आत्ताच.”

तो जमिनीकडे बघतो. “रातच्याला बंडी कोन जुंपते? अन् तिकडे नेलं तर पैसे? पाच दिवसांचं पोर बाहेर काढू देनार नाही माय.”

ती वाद घालत नाही, पण पुन्हा एकदा तेच सांगते, कारण तसं सांगायचं ठरलेलं आहे. नकार पक्का झाल्यावर कागद काढते: उपचार इथेच होतील, धोका समजला आहे. बापाचा अंगठा उमटतो. पाटावर सटवाईचा कोरा कागद, मांडीवर हा शाईचा. बाळाची आई पहिल्यांदाच बोलते. “कर बाई.”

जेंटामायसिन. कुपी, सुई, मात्रा. शहरातल्या कित्येक डॉक्टरांचा इथेच आक्षेप होता, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सातवी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन दिलं, मात्रा चुकली, गळू झालं, मूल दगावलं तर? प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारणाऱ्याने या खोलीत, या बाजेशेजारी, तुमच्यासारखं बसून विचारावा. तुम्ही श्वास रोखता. तिचा हात थरथरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई जाते, बाळ क्षीण कण्हतं. मग तोंडावाटे कोट्रायमोक्साझोलचं पातळ औषध. मग आईचं दूध वाटीत पिळून चमच्याने, थेंब थेंब. मग बोचकं सोडून कोरडं कापड, टोपडं, आणि झोपायची उबदार पिशवी. निखाऱ्यांचं घमेलं ती पायाने हळूच दूर सारते. सासू काही बोलत नाही.

“सकाळी येतो. परत संध्याकाळी. रोज,” ती म्हणते.

जरा पुढे उडी मारू, कारण आकडे यायला वेळ लागला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून आला. ३९ गावांत अशा बायका होत्या, तुलनेच्या ४७ गावांत नव्हत्या. तिसऱ्या वर्षी, १९९७–९८ मध्ये, या गावांत हजारी २५.५ नवजात बाळं दगावली, त्या गावांत ५९.६. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के जात होती, नंतर २.८ टक्के. २०११ मध्ये सरकारने हीच रीत देशभरच्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे, आशांकडे सोपवली: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस, घरी जाऊन बाळ बघायचं, आणि सगळ्या भेटी पुऱ्या झाल्यावर २५० रुपये. घरीच जन्म झाला असेल तर पहिल्या दिवसाची भेट आणखी. इंजेक्शन मात्र तेव्हा आशाच्या पिशवीत आलं नाही. २०१४ मध्ये केंद्राने परवानगी दिली ती एएनएमला, म्हणजे प्रशिक्षित नर्सबाईला, आणि तीही दवाखान्यात पाठवणं शक्यच नसेल तेव्हा. सावधपणा मला समजतो. पण आशाला थर्मामीटर मिळतो, वजनकाटा मिळतो, आणि दर पंधरवड्याला वही घेऊन बसणारं कुणी मिळतं का, हे तुमच्या भागातल्या आशाताईला एकदा विचारा. त्या रीतीतला सगळ्यात स्वस्त भाग तोच होता, आणि नेमका तोच वाटेत गळण्याची भीती असते.

परत या. पहाट झाली आहे.

कवेलूंच्या फटींतून आता उजेड पडतो. रात्रभर तुम्ही जागे होतात. सटवाई आली असेल तर तुम्हाला दिसली नाही. पाटावरचा कागद कोराच आहे, सासू तो घडी करून कोनाड्यात ठेवते. आरोग्यदूत आली आहे, केस अजून ओले, हात धुऊन वर धरलेले. बाळ कालच्यासारखंच गप्प आहे. एका इंजेक्शनने काही होत नसतं, अजून कितीतरी दिवस दोन वेळा यायचं आहे. पण आईने अंगठीएवढं तोंड स्तनाशी नेलं तर ओठ एकदा हलतात, मग थांबतात, मग पुन्हा हलतात. ती वहीत लिहिते: ओढणं, क्षीण. ‘बरं’ असं लिहीत नाही.

घड्याळ कंदिलाशी धरायची आता गरज नाही. ती मनगट उजेडाकडे वळवते आणि पोटाकडे बघते.

तुम्हीही मोजा. या वेळी तोंडाकडे बघू नका.