आज्जीचं गाणं करडं का पडलं?

मागच्या महिन्यात गावी, आष्ट्याला गेलो होतो. संध्याकाळी आज्जीनं तिचं नेहमीचं गाणं लावायला सांगितलं. ॲप उघडलं. प्लेलिस्टमध्ये नाव होतं, पण करडं पडलेलं, दाबलं तरी वाजेना. आज्जी म्हणाली, "म्हैन्याला पैसं भरतोस न्हवं? मग गाणं कुटं गेलं?"

मी सॉफ्टवेअरवाला. तिला समजावायला लागलो, की ॲपवाल्यांचं त्या गाण्याचं लायसन्स संपलं असणार. त्यावर ती म्हणाली, "लायसन तर रेडिओचं असायचं." आजचा एपिसोड तिथंच सुचला.

कारण ती बरोबर बोलत होती. एकेकाळी घरात रेडिओ ठेवायचा तर दरवर्षी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागायचे. 1927 मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी सुरू झाली तेव्हा ही फी वर्षाला 10 रुपये होती. कंपनी 1930 मध्ये बुडाली, रेडिओ सरकारकडे गेला, पण फी राहिली. ती रद्द झाली थेट 1980च्या दशकात. म्हणजे आपल्या आजोबांनी सबस्क्रिप्शनच भरलं की!

आणि त्यांचीही गाणी गायब झाली होती. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, शास्त्रीय संगीतावर प्रेम करणारा माणूस. त्यांना सिनेमाची गाणी उथळ वाटायची. आकाशवाणीनं अटी घातल्या, निर्माते बिथरले, आणि काही वर्षं आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसंच झालं. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. लायसन्सचे पैसे इथल्या पोस्टात आणि कान श्रीलंकेकडे! 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली, तेव्हा कुठं ती गाणी मानानं परत आली.

विकत घेण्याचा रस्ता तेव्हाही होता, पण महाग. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तरी मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आज ऐकता येतो तो अशा तबकड्यांमुळेच. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. ज्याच्या घरात तबकडी, त्याच्याकडचं गाणं कुणी दूरवरून बंद करू शकत नव्हतं.

मग कॅसेट आली. आणि आपल्या वयाच्या पोरांच्या आठवणीत आहे ते मेमरी कार्ड! शाळेत असताना स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपये दिले की दुकानदार 2 जीबीचं कार्ड भरून द्यायचा. लावणी, भक्तिगीतं, हिंदी रिमिक्स, सगळं एका फोल्डरात. आपण त्याला 'गाणी विकत घेतली' म्हणायचो. खरं तर ती चोरीच होती, गायकाला त्यातला एक पैसाही जात नव्हता.

गाणी कायदेशीर विकून बघितली ती फ्लिपकार्टनं. फेब्रुवारी 2012 मध्ये 'फ्लाइट' नावाचं दुकान उघडलं. एमपी3 फाइल, किंमत 6 रुपयांपासून, एकदा उतरवली की तुमची. जून 2013 मध्ये विक्री बंद. फुकट गाण्यांशी स्पर्धा होतीच, पण मला इंजिनिअर म्हणून दुसरं कारण जास्त पटतं: दहा रुपयांच्या गाण्यासाठी कार्ड नंबर, पासवर्ड एवढा खटाटोप कोण करणार? यूपीआय आलं 2016 मध्ये. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा इतका स्वस्त झाला की गाणं साठवायची गरजच उरली नाही. दहा रुपये सहज देता यायला लागले, तोवर दहा रुपयांचं दुकानच नव्हतं!

भाड्याच्या बाजूची गोष्ट आपल्या मराठी माणसांचीच आहे. स्नेहल आणि स्वप्निल शिंदे या जुळ्या भावांनी 2007 मध्ये 'धिंगाना' काढलं. ऑनलाइन गाणी ऐकवायची, भारी चाललं. 2014च्या सुरुवातीला टी-सीरिजनं परवाना वाढवला नाही आणि धिंगाना बंद पडलं. ते विकत घेणारी परदेशी कंपनी 'आरडीओ' पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. फ्लाइट बंद झालं तेव्हा गिऱ्हाइकांना घेतलेली गाणी उतरवून ठेवायला मुदत तरी मिळाली. धिंगानाच्या श्रोत्यांकडे उतरवायला होतं काय?

मोठ्या कंपन्यांचंही तेच. स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आलं, एप्रिलमध्ये सारेगामाची गाणी तिथून निघाली, 2020 मध्ये परत आली. सारेगामा म्हणजे जुनं एचएमव्ही, आपल्या आजी-आजोबांची निम्मी मराठी गाणी तिथलीच. हीच सारेगामा 2017 पासून 'कारवां' नावाचा रेडिओसारखा डबा विकतेय, 5000 गाणी आतच भरलेली. खपतोय का, तर आज्जीसारख्यांना महिन्याचा हिशेब नको असतो.

मी अजून महिन्याचे पैसे भरतो. नवीन गाणी शोधायला त्याच्यासारखं काही नाही, आणि गायकाला थोडं का होईना मिळतं. पण त्या रात्री बाबांच्या कपाटातून जुनं कार्ड शोधून काढलं, रीडर लावला. 212 फाइली निघाल्या. चौदा उघडतच नाहीत, कार्ड म्हातारं झालंय. आज्जीचं गाणं उघडलं. सुरुवातीचे दहा सेकंद कापलेले आहेत, पण तिला ते तसंच पाठ आहे.

तुमच्या घरी असं कार्ड सापडलं तर आत काय निघालं ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!