मुंबईची चाळ : छपराचा हक्क आणि भिंतीचे भय

मुंबईच्या इतिहासात गोदी, गिरणी आणि रेल्वे यांना मानाचे स्थान मिळाले. भाडेपावती मात्र बहुधा कुटुंबाच्या पेटीतच पडून राहिली. वस्तुतः लाखो संसार त्या एका कागदाच्या आधाराने उभे राहिले. कोकणातून आलेला गिरणी कामगार असो, बोटीवरची नोकरी शोधत गोव्याहून धोबीतलावच्या कुडात उतरलेला खलाशी असो, शहराने त्याला पहिला आसरा दिला तो भाड्याच्या जागेत. त्या जागेत राहण्याचा हक्क आणि त्या जागेत सुरक्षित राहण्याचा हक्क हे दोन्ही आपण एकच समजतो. गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. कायद्याने हे दोन हक्क निरनिराळ्या वाटांनी नेले आणि त्यांच्यामधील दरीत माणसे बळी पडली. ही दरी कशी निर्माण झाली, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

आरंभ प्लेगपासून करावा लागतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी या रोगाचे निदान केले. धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहाजवळ त्यांचा पुतळा उभारण्यात आला. रोगाचे मूळ अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत आहे, अशी सरकारची समजूत झाली. उजेड आत यावा म्हणून छपरांची कौले काढण्यात आली; कित्येक घरांवर ‘यू. एच. एच.’, म्हणजे मनुष्यवस्तीस अयोग्य, अशी अक्षरे रंगवण्यात आली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या आणि स्वतःच्या चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. खोलीत उजेड यावा यासाठी ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम मांडला. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीहून अधिक असू नये, हा त्याचा सोपा अर्थ.

नियम शहाणपणाचा होता. परंतु पाडलेल्या घरांतील भाडेकरूंचे काय, याचे पुरेसे उत्तर ट्रस्टजवळ नव्हते. घर गेले की त्यातील माणसे शेजारच्या चाळीत शिरत आणि तेथील दाटी वाढे. आरोग्यासाठी घर पाडायचे आणि घर गेले की भाडेकरूने रस्त्यावर यायचे, हा धडा मुंबईकराने तेव्हाच गिरवला. तो तो पुढे विसरला नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी वाढत चालली तेव्हा १९१८ मध्ये मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला व १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच सामान्यतः प्रमाण भाडे ठरले. नियमित भाडे देणाऱ्या भाडेकरूला मनात आले म्हणून घरमालक बाहेर काढू शकत नव्हता. गिरगाव, लालबाग, माझगाव येथील कुटुंबांना या कायद्याने जे स्थैर्य दिले, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. मुले त्याच खोलीत वाढली, शिकली आणि त्याच पत्त्यावर त्यांची लग्ने झाली.

हा कायदा मुळात अल्प मुदतीचा होता. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवण्यात आली. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेवली होती, पण चुना, विटा आणि गवंड्याची मजुरी १९४० च्या दराने मिळत नव्हती. भाडे गोठले, खर्च वाढत गेला, आणि मालकाने चाळीकडे पाठ फिरवली. बंदी असूनही पागडीचा व्यवहार मात्र चालू राहिला. भाडेकरूचा हक्क वर्षागणिक पक्का होत गेला आणि त्याच्या डोक्यावरचे लाकडी वासे वर्षागणिक कुजत गेले. दोन वाटा येथे फुटल्या.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहर भागातील जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि दुरुस्तीचे काम सरकारी मंडळाकडे आले. पुढे १९७७ मध्ये हे काम म्हाडाकडे गेले. आरंभी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी बहुसंख्य १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या होत्या. दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा होती. ती ओलांडली की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरे आणि रहिवाशांना संक्रमण शिबिरात जावे लागे. ‘संक्रमण’ हा शब्द थोड्या दिवसांचा. कित्येक कुटुंबांनी मात्र तेथे दशके काढली. शिबिरात गेलेला शेजारी परतला नाही, हे पाहणारा मनुष्य टेकू लावलेल्या खोलीतून हलायला तयार होत नाही. त्याला हट्टी म्हणणे सोपे आहे. आम्हांला मात्र त्याच्या वागण्यात इतिहासाची स्मृती दिसते.

या स्मृतीची किंमत फार मोठी आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगाव येथे बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून सुमारे ६० माणसे मृत्यू पावली. ती इमारत महापालिकेचीच होती आणि तेथे राहणारी बहुतेक कुटुंबे पालिका कर्मचाऱ्यांची होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत पडली आणि तीसहून अधिक जीव गेले. इमारत धोकादायक असल्याचे त्यापूर्वीच ठरले होते. तरीही माणसे आत राहत होती.

दरम्यान कायद्याने काही पावले टाकली होती. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे अवाजवी ठरवले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. भाड्यात दर वर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली. दुसरीकडे भाड्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक राहिले, आणि पाणी-वीज तोडण्यास मनाई कायम राहिली. नोटीस देऊनही मालक दुरुस्ती करीत नसेल, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापुरतीच. महापालिकेच्या कायद्यानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. कलम ३५४ खाली धोकादायक इमारत रिकामी करण्याची नोटीस निघते. ‘सी-१’ वर्गातील इमारत तत्काळ रिकामी करून पाडायची असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट २०१४ मध्ये घडली. धोकादायक इमारत पालिकेने रिकामी केली वा पाडली, तरी रहिवाशांच्या हक्कांना बाध येत नाही, असे जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पाठोपाठ जुलैमध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, इमारत नष्ट झाली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. तो हक्क भिंतींबरोबर जमिनीलाही चिकटलेला असतो. मुंबईकराने प्लेगच्या काळात गिरवलेल्या धड्याला मिळालेले हे उत्तर होते. ते यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

हे उत्तर अजून प्रत्येक जिन्यापर्यंत पोहोचलेले नाही. न्यायालयाच्या शब्दाने नवे घर लगेच उभे राहत नाही, हेही खरे आहे. पर्यायी जागा आणि परतीची लेखी हमी यांसाठी चाळीला एकत्र येऊन झगडावेच लागते. पण तो झगडा जिवंत माणसेच करू शकतात. म्हणून ज्या कुटुंबांच्या हाती अशी नोटीस पडेल, त्यांना आमचे सांगणे एवढेच की, पावत्या, शिधापत्रिका, वीजबिले आणि खोलीच्या क्षेत्रफळाची नोंद प्रथम जपून ठेवावी. पंचनाम्यात आपले नाव आले आहे, याची खात्री करावी. आणि मग घर सोडावे. पूर्वजांनी भिंत धरून ठेवली, कारण त्यांच्याजवळ दुसरा पुरावा नव्हता. आज तो कागदावर आहे. पेटीतली पावती बरोबर घेऊन जिना उतरणाऱ्याचा हक्क मागे राहत नाही.