क्यूएस-२१

चिलीतील क्विले या सदाहरित वृक्षाच्या (क्विलाजा सॅपोनेरिया) सालीतून मिळणारे ट्रायटर्पीन वर्गातील सॅपोनिन. लसीतील प्रतिजनाला शरीराकडून जोरकस प्रतिसाद मिळावा म्हणून ते लसीत मिसळतात. अशा द्रव्याला ॲडज्युव्हंट म्हणतात. कर्करोगाच्या उपचारात्मक लसींसाठी ते अनेक वर्षे तपासले गेले.

उगम : साल पाण्यात चोळली की रिठ्यासारखा फेस येतो. चिलीतील मूळनिवासी मापुचे लोक ती धुण्यासाठी वापरत. शीतपेयांवर फेस टिकावा म्हणूनही तिचा अर्क घालतात.

शुद्धीकरण : १९७० च्या दशकात डेन्मार्कमधील क्रिस्तियान दाल्सगोर यांनी सालीच्या अर्कातून ‘क्विल-ए’ हे अंशतः शुद्ध मिश्रण तयार केले. जनावरांच्या लाळ्या-खुरकूत लसीत ते उपयोगी पडले. माणसासाठी मात्र ते जहाल होते. १९९१ मध्ये शार्लट केन्सिल व सहकाऱ्यांनी उच्चदाब द्रव वर्णलेखनाने त्यातील घटक वेगळे केले. आलेखावर एकामागून एक शिखरे उमटली. त्यांतील २१ व्या शिखराचा क्रमांक नावात आला. क्यूएस-१८ अर्कात सर्वाधिक होते, पण उंदरांना घातक ठरले. क्यूएस-२१ परिणामकारक असूनही सौम्य असल्याने निवडले गेले.

संरचना : गाभा क्विलाइक अम्लाचा. त्याच्या एका बाजूला तीन शर्करांची फांदीदार साखळी, तर दुसऱ्या बाजूला चार शर्करांची सरळ साखळी. या दुसऱ्या साखळीतील फ्यूकोजला १८ कार्बनांची ॲसिल शृंखला एस्टर बंधाने जोडलेली असून तिच्या टोकाशी अरॅबिनोज असते. साखळीची अखेरची शर्करा ॲपिओज की झायलोज, यावरून दोन समघटक होतात. त्यांचे प्रमाण साधारण ६५ : ३५. अल्कधर्मी द्रावणात एस्टर बंध तुटतो. रेणू पेशीपटलातील कोलेस्टेरॉलला चिकटतो व तांबड्या पेशी फोडतो. म्हणून एएस-०१ या ॲडज्युव्हंट मिश्रणात तो कोलेस्टेरॉलयुक्त लायपोसोमांत बसवतात.

कार्य : उंदरांत प्रतिपिंडांबरोबरच मारक टी-पेशीही वाढतात. माणसात मुख्यतः सीडी-४ या साहाय्यक टी-पेशींचा प्रतिसाद दिसतो.

कर्करोग : मेलॅनोमाच्या रुग्णांना जीएम-२ गँग्लिओसाइड व क्यूएस-२१ यांची लस देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतील चाचणीत इंटरफेरॉन सरस ठरले. यूरोपात १,३१४ रुग्णांच्या चाचणीतही लाभ दिसला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगावरील, क्यूएस-२१ असलेली मेज-ए-३ लसही २०१४ मध्ये अपयशी ठरली. दोष निवडलेल्या प्रतिजनांचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

इतर लसी : नागीण (शिंग्रिक्स) व हिवताप (मॉस्किरिक्स). पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आर-२१ ही हिवतापाची लस याच सालीतील सॅपोनिनांच्या मॅट्रिक्स-एम या वेगळ्या मिश्रणाचा वापर करते.

दुष्परिणाम : टोचल्या जागी वेदना.

उत्पादन : आजवर मुख्यतः सालीवर अवलंबून. डेव्हिड जिन यांच्या गटाने प्रयोगशाळेत रासायनिक संश्लेषण साधले. २०२४ मध्ये संपूर्ण रेणू यीस्टमध्ये घडवला गेला, पण उत्पन्न अत्यल्प होते.