कॅप्टन ट्राइपने कागद का निवडला

आवडीत रणगाडे बनतात, पण फोटोला मनाई. त्यामुळे आमच्या युनिटमधले कॅमेरावेडे रविवारी मंदिरं गाठतात. एक सुभेदार साहेब निवृत्तीच्या पैशांतून डीएसएलआर घेणार आहेत. त्यांना मी लिनियस ट्राइपची गोष्ट सांगितली.

मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीचा हा कॅप्टन १८५६ साली मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला. काचेच्या निगेटिव्हवर चित्र जास्त रेखीव येई. पण रसायन ओलं असतानाच फोटो काढून धुवायचा, तोही या उन्हात, बैलगाडीच्या प्रवासात! मेणकागद आधीच तयार करून नेता येई. ट्राइपने मुख्यतः कागदच वापरला. भोसल्यांच्या तंजावरात, १८५८ मध्ये, बृहदीश्वराच्या पायाशी कोरलेला शिलालेख त्याने २१ निगेटिव्ह जोडून सुमारे १९ फूट लांब चित्रात उतरवला. पुढे सरकारला खर्च जड झाला. १८६० मध्ये काम बंद.

साहेबांचा जीव फुल फ्रेमवर. तो सेन्सर एपीएस-सीच्या सव्वादोन पट मोठा, आणि खिशालाही तसाच. त्यांना गाभाऱ्याबाहेरचे अंधारे मंडप टिपायचेत. तिथे ३५ मिमी एफ/१.८ लेन्स एफ/४.५ पेक्षा सहापट प्रकाश आत घेते. म्हटलं, बॉडी जुनी एपीएस-सी चालेल, शटर काउंट तेवढा बघून घ्या. पैसे लेन्सला ठेवा.