असंच दुसरं द्या

देवघेवीच्या खिडकीत बसून मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "मॅडम, असंच दुसरं द्या ना." 'असंच' म्हणजे नेमकं कसं, ते वाचक सांगत नाही, ग्रंथपालाने ओळखायचं. हल्ली मोबाइल हे काम करतो. वस्तूचे गुण नोंदवायचे, माणसाची आवड त्याच गुणांत मांडायची आणि दोन्ही जुळवून पाहायची. लोकांना वाटतं, ही युक्ती संगणकवाल्यांची. तिची अर्धी मुळं तरी आमच्या धंद्यात आहेत.

मेलविल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणात पुस्तकाला मुख्य विषय एकच, जागाही एकच. फडताळ लावायला ते पुरतं. पण एस. आर. रंगनाथन यांना ते खटकलं. मद्रासचे हे गणिताचे प्राध्यापक १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला: पट्ट्या त्याच, स्क्रू तेच, जोडाल तसं नवं खेळणं. विषयही असाच सुट्या गुणांतून का जोडू नये? १९३३ साली त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं. या पद्धतीचं एक पुढचं उदाहरण ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हमखास येतं: फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार, त्यावर भारतात १९५० साली झालेलं संशोधन. फुप्फुसांना ४५, क्षयाला ४२१, क्ष-किरणांना २५३, भारताला ४४. आकडे पाठ करताना जीव जायचा, पण एकदा समजलं की कुठलाही धागा धरून पुस्तकापर्यंत पोचता यायचं.

धाग्यांवरून आठवले हान्स पीटर लून. हे जर्मन गृहस्थ मूळचे कापडधंद्यातले. कापडातले धागे मोजायचं लुनोमीटर हे त्यांचंच. पुढे आयबीएममध्ये ते शब्द मोजायला लागले. १९५८ च्या लेखात त्यांनी योजना मांडली: यंत्राने लेखातले वारंवार येणारे शब्द टिपायचे, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाचेही शब्द साठवायचे, आणि जुळणी पुरेशी झाली की लेख त्याच्याकडे धाडायचा. त्याने तो स्वीकारला, की त्या लेखाचे शब्द त्याच्या नोंदीत जमा. आजच्या शिफारशींचा सांगाडा इथेच उभा आहे.

माझं मत विचाराल तर शिफारस फसते तेव्हा खोट जुळणीत कमी, नोंदीत जास्त असते. "जाडजूड द्या, गावाला जायचंय," म्हणणाऱ्याला मी सहज पुस्तक काढून देई, कारण तालिकापत्रावर पृष्ठसंख्या असते. "सासूबाई आजारी आहेत, रडवणारं नको," असं म्हटलं की पत्र मुकं. त्यासाठी आधीच्या वाचकाचं बोलणं लक्षात ठेवावं लागे. तेव्हा पुस्तक परत करताना ते कसं वाटलं, एवढं खिडकीत सांगून जात जा. त्याचा रकाना आमच्याकडे नाही.